वास्तुपुरुषाचा आहार

निष्ठा हा शब्द उच्चारताना माणसाचा आवाज नकळत खाली येतो. ‘स्था’ या धातूला ‘नि’ हा उपसर्ग लागून तो सिद्ध झाला आहे. एका जागी पाय रोवून उभे राहणे एवढाच त्याचा मूळचा भाव. या गुणाची थोरवी आपल्या परंपरेने भरपूर गाइली. मात्र जो घट्ट उभा राहतो त्याच्या पायांखाली काहीतरी दबलेले असते, आणि उभे राहणे जितके दीर्घ तितके ते दबणेही अधिक, या बाजूने निष्ठेचा विचार फारसा कोणी केलेला आढळत नाही. खांबाची पूजा होते. त्या खांबासाठी काढलेली माती कोठून आली आणि कोठे गेली, हे पूजेच्या वेळी विचारणे अशिष्टपणाचे मानले जाते.

महाडचे चिंतामणी कर्णिक हे अशा निर्मळ, निष्प्रश्न निष्ठेचे पुरुष होते. खोरे संवर्धन मंडळाच्या महाड कार्यालयात ते अधीक्षक होते. सावित्रीच्या खोऱ्यातील माती वाहून जाऊ नये, डोंगर उघडे पडू नयेत, नदीचे पात्र शाबूत राहावे, एवढ्यासाठी हे मंडळ स्थापन झाले होते आणि त्या उद्दिष्टांचा फलक कर्णिकांच्या खुर्चीमागे टांगलेला असे. त्यावरची धूळ ते रोज सकाळी स्वतःच्या रुमालाने पुसत. मंडळाने जे लिहून पाठवले ते सत्य, आणि जे लिहिलेले नाही ते अद्याप घडलेले नाही, अशी त्यांची साधी धारणा होती. या धारणेवर त्यांनी उभे आयुष्य सुखात काढले.

कार्यालय तेव्हा बाजारामागच्या आळीत जहांआराबींच्या घरी भाड्याने होते. जहांआराबी विधवा होत्या, दोन्ही मुलगे कुवेतला. माडीवर त्या स्वतः राहत. खालची पडवी आणि दोन खोल्या मंडळाकडे. जांभ्याच्या हातभर जाडीच्या भिंती, कंबरेइतके उंच जोते, वर कौले, आणि सर्व बाजूंनी छपराची वळचण इतकी खाली उतरलेली की आत शिरणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कोणीही असो, मान लववावी लागे. वैशाख सरता सरता कौले परतली जात, पावसाच्या तोंडच्या भिंतीवर पेंढ्याच्या झडी बांधल्या जात आणि दिवाळीनंतर त्याच झडी चुलीत जात. सावित्रीचे पाणी बाजारात शिरले तरी जोत्याला शिवून मागे फिरे. पडवीतून येणारा वारा कागद उडवी म्हणून प्रत्येक टेबलावर नदीतला एकेक गोटा ठेवलेला होता. त्या घरात कार्यालयाने कित्येक वर्षे काढली. तेवढ्या काळात त्याने सृष्टीकडून काय घेतले म्हणाल, तर थोडा पेंढा, थोडी कौले आणि ते गोटे. इतक्या अल्प आहारावर जगणाऱ्या कार्यालयाला समाजात प्रतिष्ठा लाभणे अर्थातच कठीण होते.

त्र्याण्णव सालच्या हिवाळ्यात मुख्यालयातून मुख्य साहेब पाहणीला आले. नुकत्याच सुरू झालेल्या वीर स्थानकावर उतरून रिक्षाने महाडला पोहोचेपर्यंत त्यांची प्रकृती उत्तम होती. कर्णिक हार घेऊन दाराशी उभे होते. साहेब उंच होते आणि बोलत बोलत चालत होते. आता यांना वाकायला सांगितले पाहिजे, हे कर्णिकांना दिसत होते. परंतु वरिष्ठाला ‘वाका’ असे कोणत्या शब्दांत म्हणावे, याचा निर्णय होईना; आणि तो होण्यापूर्वीच साहेबांचे कपाळ वळचणीच्या वाशावर आदळले.

“अगो बाई,” जहांआराबी माडीवरून म्हणाल्या, “हळद लावा. आमच्याकडं येणारा एकदा आपटतो, मग जन्मभर वाकतो.”

साहेब जन्मभर वाकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. कपाळावर ओला रुमाल धरून ते म्हणाले, “कर्णिक, मंडळाला स्वतःची इमारत हवी.”

ते टेंगूळ आठवडाभरात बसले असेल. कर्णिकांच्या मनात मात्र त्यातून एक इच्छा उगवली आणि ती उत्तरोत्तर वाढत गेली. त्या पडवीत त्यांनी आपल्या पूर्वसुरींचे निरोप समारंभ पाहिले होते. सत्कारमूर्ती स्टुलावर, पाहुणे जोत्यावर पाय सोडून, आणि बायकांना बसायला जागाच नसल्याने त्या घरी. कर्णिक दोन हजार दोनच्या जुलैत निवृत्त होणार होते. आपला निरोप मंडळाच्या स्वतःच्या सभागृहात व्हावा, पत्नी नीलाताई पहिल्या रांगेत बसाव्यात आणि आपल्याविषयी जे चार शब्द बोलले जातील ते त्यांच्या कानी पडावेत, एवढेच त्यांनी आयुष्याकडे मागितले होते. नीलाताईंनी संसारभर कार्यालयासाठी डबा भरून दिला होता. कार्यालयाने त्या डब्याच्या धन्याविषयी काय मत बनवले, हे ऐकण्याचा योग त्यांना कधी आला नव्हता. “तुम्ही तिथे नक्की करता तरी काय,” असे त्या अधूनमधून विचारीत. त्या प्रश्नाचे अधिकृत उत्तर सभागृहात मिळणार होते.

यथाकाल मुख्यालयातून इमारतीचा नमुना आराखडा आला. तो मूळचा पठारावरच्या एका कोरड्या शहरासाठी काढलेला होता आणि सर्वत्र समान न्याय असावा म्हणून जसाच्या तसा सगळीकडे पाठवला जात असे. सपाट छत, पश्चिमेकडे उंच काचा, आणि आत थंड हवेची यंत्रे बसणार असल्याने खिडक्या कायमच्या बंद. कर्णिकांनी तो पडवीत पसरून चारी कोपऱ्यांवर नदीचे गोटे ठेवले. जहांआराबी जिन्यात उभ्या राहून पाहत होत्या.

“ह्याला वळचण कुठं हाय?”

“आराखड्यात वळचणीची तरतूद नाही.”

“मग पाऊस आला तर?”

“पावसाचीही नाही,” कर्णिक गंभीरपणे म्हणाले.

मंडळाला महामार्गालगत, पोलादपूरच्या दिशेला, भाताचे एक खोलगट खाचर मिळाले. आषाढात त्यात आसपासच्या शेतांचे पाणी येऊन विसावत असे. इमारतीला जमीन रस्त्याच्या उंचीला हवी होती; म्हणून खाचर मुरमाने भरायचे ठरले. हे काम अजमल या वाहतूकदाराकडे गेले. तो जहांआराबींच्या बहिणीचा मुलगा. त्याने खाचराभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “साहेब, हे भरायचं तर येक टेकडी लागंल.”

“मग आणा,” कर्णिक म्हणाले. आराखड्यात भरावाची तरतूद होती.

टेकडी पोलादपूरच्या अलीकडे भिकाजीच्या गावची निघाली. भिकाजी हा कार्यालयाचा शिपाई. गावकरी त्या टेकडीला टेंब म्हणत. पावसाळ्यात तिच्यावर गुरे चरत. टेंबाचा अर्धा भाग ट्रकांत बसून महाडला येऊ लागला तेव्हा भिकाजीच्या आनंदाला पारावार राहिला नाही. तो भेटेल त्याला सांगे, “आमच्या गावातनं पयला मी आफिसात लागलो, आता टेंब लागला. त्याला तर परीक्षा पन द्यावी लागली नाय.”

वाळूसाठी दासगावच्या बाजूला सावित्रीचे पात्र खरवडले गेले. फरशी कशेडीचा घाट उतरून आली, काचा मुंबईहून आल्या, सिमेंट ज्या भट्ट्यांत भाजले गेले त्यांचा धूर कोणत्या आकाशात गेला हे कोणालाच ठाऊक नव्हते. खाचराच्या बांधावरचे जुने जांभळीचे झाड आराखड्यातील वाहनतळाच्या मधोमध येत होते. ते काढून त्या जागी वृक्षसंवर्धनाचा फलक रोवण्यात आला. माती, डोंगर आणि नदी या मंडळाच्या तिन्ही आराध्य दैवतांचा असा यथासांग सहभाग लाभलेली इमारत खोऱ्यात दुसरी नसेल.

पायाच्या वेळी कर्णिकांनी एक खाजगी कृत्य केले. आपल्याकडे घराच्या आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुषाची लहानशी प्रतिमा पालथी पुरतात आणि त्याला नैवेद्य दाखवतात. तो तृप्त असला म्हणजे घरातल्यांना सुख लाभते, अशी श्रद्धा आहे. सरकारी आराखड्यात वास्तुपुरुष नव्हता. तरीही कर्णिकांनी तांब्याची प्रतिमा आणली आणि एका रविवारी गुरुजींना नेऊन ती आग्नेयेला पुरली. आराखड्याबाहेरचे असे हे त्यांचे आयुष्यातले पहिलेच कृत्य. गुरुजींनी दहीभाताचा नैवेद्य दाखवला. अर्धी टेकडी, नदीचा तळ आणि एक जांभळीचे झाड यांनंतर तो दहीभात वास्तुपुरुषाने केवळ मुखशुद्धी म्हणून स्वीकारला असावा.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत इमारतीचे उद्घाटन झाले. मुख्य साहेब आले, मान ताठ ठेवून आत गेले आणि प्रसन्न झाले. मे महिन्यात पश्चिमेच्या काचांतून ऊन आत उतरले. ते अडवण्यासाठी काचांना काळा कागद चिकटवला. त्यामुळे अंधार झाला म्हणून दिवसभर दिवे लागले. दिव्यांनी आणि उन्हाने उकडू लागले म्हणून थंड हवेची यंत्रे वाढवली. त्या भाराने वीज जाऊ लागली म्हणून मागे, खाचराच्या न भरलेल्या पट्टीत, डिझेलचे जनित्र बसले. भिकाजी भर उन्हाळ्यात स्वेटर घालून येई आणि बाहेर रस्त्यावरच्या लोकांना तो मुद्दाम दाखवून जाई.

जूनमध्ये सपाट छतावर तळे साचले. प्रथम भिंतींना घाम आला, मग शेवाळ, आणि श्रावणात ‘माती वाचवा’ या फलकामागून पाण्याची एक बारीक धार निघाली, ती बरोबर कर्णिकांच्या खुर्चीवर. कर्णिकांनी खुर्ची सरकवली. छतावर डांबर ओतले गेले. पुढच्या वर्षी डांबरावर रसायन. त्याच्या पुढच्या वर्षी रसायनावर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे घालण्यात आले. अशा रीतीने कौलांना कमी लेखून बांधलेल्या इमारतीवर अखेर उतरते छप्पर आलेच. फरक इतकाच, की पत्र्यांवर पाऊस पडू लागला म्हणजे आतल्या माणसाला स्वतःचे बोलणे ऐकू येत नसे. पावसाळ्यात शेजारच्या टेबलाशी बोलणेही लेखी होऊ लागले.

ओली होऊ लागलेली दप्तरे तेवढी, तात्पुरती व्यवस्था म्हणून, दर आषाढात जहांआराबींच्या पडवीत जात आणि दिवाळीनंतर परत येत. भिकाजी ती हातगाडीवरून नेई. कर्णिक मागून छत्री धरून चालत, जणू घरच्या गणपतीचे विसर्जन आहे.

“आलात का माहेरपणाला,” जहांआराबी म्हणत. “नव्या घरात सुख लागत नाय वाटतं.”

“इमारत उत्तम आहे, बी. केवळ पावसाळा तिला मानवत नाही.”

“महाडात पावसाळा मानवत नाय म्हंजे मग काय मानवतं? झडी बांधा की तिला.”

“झडी या शीर्षाखाली खर्च टाकता येत नाही.”

जहांआराबी हसत. त्यांना पडवीचे चार महिन्यांचे भाडे वर्षभराच्या दराने मिळत होते, तेव्हा त्या इमारतीविषयी त्यांच्या मनात कसलाही आकस नव्हता. कर्णिकांच्या निष्ठेलाही या सर्व प्रकाराने तडा गेला नाही. दोष दिसला की ते तो वर कळवीत. वरून आणखी एक थर येई. तो थर ते कृतज्ञतेने इमारतीवर चढवीत. आजारी आईची सेवा करणाऱ्या मुलाप्रमाणे ते तिला पाजीत राहिले, डिझेल, डांबर, वीज, रंग. तिची भूक मात्र वयाबरोबर वाढतच गेली. वास्तुपुरुषाची समजूत अशी झाली असावी, की ही माणसे आपल्याला उपाशी ठेवीत नाहीत, तेव्हा मागण्यात संकोच कसला.

दोन हजार दोनच्या जुलैचा अखेरचा दिवस उजाडला. तीन दिवस पाऊस कोसळत होता. मुख्य साहेब, जे मधल्या काळात आणखी वर चढले होते, समारंभासाठी आवर्जून आले. नीलाताई कांजीवरम नेसून पहिल्या रांगेत मधोमध बसल्या. सभागृहात ओलसर भिंतींना झाकतील अशा झेंडूच्या माळा सोडल्या होत्या.

साहेब बोलायला उभे राहिले आणि वीज गेली. काळ्या काचांमुळे दुपारी सभागृहात मध्यरात्र झाली. भिकाजी जनित्राकडे धावला आणि तसाच परत आला.

“साहेब, जनित्र पान्यात हाय. खाचर भरलंय.”

मुरमाने उंच केलेल्या चौथऱ्यामुळे कुठे जावे हे न सुचलेले शेतांचे पाणी शेवटी मागच्या अंगाने आले होते, आणि जुन्या सवयीने तेथेच विसावले होते. कोणीतरी मेणबत्ती आणली. साहेबांनी भाषण सुरू केले. वर पत्र्यांवर पावसाचा ताशा चालू होता. साहेबांचे ओठ हलताना दिसत होते, मधूनच त्यांचा हात कर्णिकांकडे वळे, तेव्हा लोक अंदाजाने टाळ्या वाजवीत. बंद खिडक्यांच्या खोलीत हवा संपत आली. दोन पाहुण्यांना घेरी आल्यासारखे झाले. कर्णिक व्यासपीठावर ताठ बसून होते. आराखड्यानुसार सर्व काही योग्य जागी होते. सभागृह होते, रांग होती, पहिल्या रांगेत नीलाताई होत्या.

नीलाताई उठल्या, व्यासपीठाशी गेल्या आणि नवऱ्याच्या कानाला तोंड लावून म्हणाल्या, “अहो, ते तुमच्याबद्दल बोलतायत ना? मला एक अक्षर ऐकू येत नाही.”

कर्णिक उभे राहिले, गळ्यातला हार काढून हातात घेतला, आणि सेवेच्या अखेरच्या दिवशी वरिष्ठांचे भाषण मध्येच थांबवण्याचे अघटित त्यांच्या हातून घडले. साहेबांच्या कानाशी जाऊन ते ओरडून म्हणाले, “साहेब, आपण जुन्या पडवीत जाऊ.”

सगळे रिक्षांत बसून आळीत गेले. पडवीत झडी बांधलेल्या होत्या, ओल्या पेंढ्याचा वास येत होता, आणि दोन माणसे हळू आवाजात बोलली तरी तिसऱ्याला ऐकू जाईल इतकी तेथे शांतता होती. भिकाजीने पुढे जाऊन वर्दी दिली होती, म्हणून जहांआराबींनी बायकांसाठी माडीवरचा पलंग खाली आणवला होता. रिक्षातून उतरून साहेब पुढे निघाले. ते काहीतरी बोलत होते. कर्णिकांना वळचण दिसली, साहेबांचे कपाळ दिसले, आणि मधले अंतर दिसले. पण सायंकाळपर्यंत ते सेवेत होते.

आवाज पूर्वीइतकाच झाला.

“सांगायचं ना हो, वाका म्हनून,” जहांआराबी हळद आणीत म्हणाल्या. “एवढ्या वर्षांत तेवढं पन शिकला नाय?”

“ते मुख्य साहेब आहेत, बी,” कर्णिक म्हणाले.

साहेब पडवीतल्या स्टुलावर बसून, कपाळाला हळद लावून, कर्णिकांविषयी बोलले. कर्णिकांसारखा सचोटीचा माणूस आपण पाहिला नाही, त्यांच्यामुळे मंडळाची इमारत उभी राहिली, असे ते म्हणाले. नीलाताईंनी शब्द न् शब्द ऐकला. शेवटी साहेबांनी कपाळ चाचपले आणि घोषणा केली, की सध्याची इमारत गैरसोयीची ठरली असून मंडळ तिच्याच जागी नवी, अधिक मोठी आणि अद्ययावत इमारत बांधील. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. कर्णिकांनी वाजवल्या नाहीत. हातात हार होता.

घरी जाताना नीलाताई म्हणाल्या, “चांगलं बोलले हो. पण मग सहा वर्षं तुम्ही सांभाळलंत काय?”

त्याचे उत्तर अधिकृतपणे मिळालेले नव्हते.

पाडण्याचे काम दीड वर्षाने सुरू झाले. ते अजमलकडेच गेले. तो म्हणे, आणताना माझेच ट्रक आणि नेताना पण माझेच, असे गिऱ्हाईक देव सर्वांना देवो. वास्तुशास्त्रात जिला शतायुषी म्हणावे अशी ती इमारत वयाच्या सातव्या वर्षी ढिगारा झाली. कर्णिक रोज सकाळी येऊन रस्त्याच्या कडेला उभे राहत. एक दिवस त्यांनी अजमलला हाक मारली.

“कुठे टाकतोस रे हे?”

“नदीकाठाला. दासगावच्या बाजूला खड्डे हायत ना, आपणच वाळू काढलेले.”

“आग्नेयेच्या कोपऱ्यातलं गेलं?”

“आज निघंल. का हो?”

“त्यात माझा वास्तुपुरुष आहे. तो ट्रक टेंबावर नेऊन टाक.”

अजमलने त्यांच्याकडे नीट पाहिले. “पोलादपूरपर्यंत? साहेब, राडारोडा कोनी डोंगरावर चढवतं का? जहांआरा खाला ऐकंल तर हसून मरंल. आनि डिझेल?”

“ज्याचं खाल्लं, त्याच्याकडे जाऊ दे त्याला,” कर्णिक म्हणाले. “एकच ट्रक रे. बाकीचे तू म्हणशील तिथे.”

हे कोणत्याही आराखड्यात नव्हते. अजमलने डोके खाजवले, मग दार उघडून त्यांना चालकाशेजारी बसवले. टेंबाच्या कापलेल्या अंगाशी ट्रक उलटा झाला तेव्हा कर्णिकांनी चप्पल काढली होती. प्रतिमा त्यात होती की नाही, हे कोणी पाहिले नाही.

नवी इमारत त्याच भरावावर उभी राहिली. तिचा आराखडा दुसऱ्या एका कोरड्या शहराचा होता. कर्णिक तिच्यात कधी गेले नाहीत. पावसाळ्यात ते जहांआराबींच्या पडवीत येऊन बसत, येणाऱ्या प्रत्येकाला, तो कोणीही असो, मोठ्याने ‘वाका’ असे सांगत, आणि दोन हजार आठच्या आश्विनात वारले.

पोलादपूरच्या अलीकडे अर्धा टेंब उभा आहे. त्याच्या खोबणीत एक ट्रकभर राडारोडा पडलेला आहे आणि पावसाळ्यात त्यावर गवत येते.